श्वाबेनमधले वरणफळ

एक लाकडी फळी असते. एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाची कड तासून पातळ केलेली. ती पाण्यात बुडवून ओली करायची, तिच्यावर डावभर चिकट पीठ पसरायचे आणि सरळ पात्याच्या खरवडणीने त्याच्या बारीक पट्ट्या झपाझप उकळत्या पाण्यात सोडायच्या. पट्टी आधी तळाशी जाते, थोड्याच वेळात वर तरंगते, आणि वर आली की झाऱ्याने काढून घ्यायची. जर्मनीच्या नैर्ऋत्येला श्वाबेन नावाचा प्रदेश आहे. तिथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. पदार्थाचे नाव श्पेट्सले. जर्मन भाषेत ‘श्पात्स’ म्हणजे चिमणी, त्यामुळे या नावाचा अर्थ ‘चिमुकल्या चिमण्या’ असा सांगितला जातो. तयार पाकिटे प्रत्येक दुकानात मिळतात. तरीही फळीवरून पट्ट्या पाडता येणे ही तिथे अजून सुगरणीची खूण मानली जाते. आपल्याकडे पुरणपोळीबद्दल असते तसेच काहीसे. २०१२ साली युरोपीय संघाने ‘श्वेबिश श्पेट्सले’ या नावाला भौगोलिक मानांकनाचे संरक्षणही दिले.

श्टुटगार्ट हे या प्रदेशाचे मोठे शहर. मुंबईशी त्याचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे. मोटारी आणि यंत्रांच्या धंद्यामुळे पुणे, नाशिककडची मुलेमुली तिकडे शिकायला, नोकरीला जातात. मग हा पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरतो आणि उन्हाळ्यात तीन महिने राहायला आलेल्या आई-वडिलांच्या ताटातही येतो. प्रश्न तिथून सुरू होतात. मधुमेह आहे, चालेल का? तिकडच्या ‘डिंकेल’ गव्हाचे केले तर ग्लुटेनचा त्रास होत नाही, हे खरे का? रविवारी एकदम करून ठेवले तर आठवडाभर खाता येईल का? यातल्या दोन प्रश्नांची चुकीची उत्तरे माणसाला रुग्णालयापर्यंत नेऊ शकतात. म्हणून आधी हा पदार्थ कसा शिजतो ते पाहायला हवे.

चार माणसांसाठी ४०० ग्रॅम पीठ, ४ अंडी, चमचाभर मीठ आणि साधारण १५० मिलिलिटर पाणी. माणशी एक अंडे आणि वर आणखी एक, अशीही घरगुती रीत सांगतात. पीठ थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल आणि भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट हवे. डाव उचलला की ते तुटून न पडता लांब ताणले जाऊन हळूहळू खाली उतरले पाहिजे. मग लाकडी डावाने ते फेटायचे, इतके की पृष्ठभागावर हवेचे फुगे दिसू लागतील. हात दुखायला लागतो, पण इथे आळस करून चालत नाही. पिठातली दोन प्रथिने, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, पाणी मिळाल्यावर आणि ताण बसल्यावर एकमेकांत गुंततात आणि त्यांचे लवचिक जाळे होते. तेच ग्लुटेन. नंतर पंधरा-वीस मिनिटे पीठ झाकून ठेवायचे, म्हणजे पिठाचा कण न्‌ कण भिजतो आणि ताणलेले जाळे सैलावते. आपण कणीक भिजवून मुरू देतो, त्यामागचे कारणही हेच.

अंडी का घालतात? चव आणि रंग येतोच, पण खरे कारण गव्हात आहे. इटलीचा सुका पास्ता ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्याचा असतो. त्याचे प्रथिन इतके पक्के असते की नुसत्या पाण्यात भिजवूनही शेवई उकळत्या पाण्यात विरघळत नाही. ड्युरमला ऊन आणि कोरडी हवा मानवते. श्वाबेनच्या थंड, ओलसर शेतांत पिकायचा तो मऊ गहू आणि डिंकेल. त्यांच्या सैल पिठाची पट्टी उकळत्या पाण्यात सोडली तर तिची लापशी व्हायची भीती असते. अंड्याचा पांढरा बलक ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पिवळा त्यानंतर थोड्याच वेळात. स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगून फुटायच्या बेतात असतात, तेवढ्यात अंड्याचे प्रथिन गोठून त्यांच्याभोवती जाळी धरते. म्हणजे गव्हात जे कमी होते ते कोंबडीने भरून काढले. पुढे ग्लुटेनचा विषय येईल तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडणार आहे.

पिठाच्या पाकिटावर तिकडे एक आकडा असतो: ४०५, ५५०, ६३०, १०५०. नव्याने गेलेल्या माणसाला हा दुकानाचा सांकेतिक क्रमांक वाटतो. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळेतली माहिती आहे. १०० ग्रॅम पीठ पूर्ण जाळले तर मागे साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, ते हा आकडा सांगतो. राख म्हणजे खनिजे, आणि खनिजे असतात मुख्यतः कोंड्यात. म्हणजे ४०५ हा जवळजवळ आपला मैदा आणि १०५० मध्ये कोंड्याचा बराच भाग शिल्लक. पारंपरिक श्पेट्सले पांढऱ्या पिठाचेच होतात. निम्मे १०५० घातले तरी फळीवरून ते नीट उतरतात, थोडे पाणी जास्त लागते एवढेच. मैदा पोटात चिकटून बसतो असे आपल्याकडे सरसकट म्हटले जाते, त्यात तथ्य नाही. मैद्याचा खरा दोष असा की त्यात तंतुमय भाग नगण्य असतो आणि त्याची साखर रक्तात लवकर पोचते.

कच्च्या अंड्याबद्दल विनाकारण घाबरण्यात अर्थ नाही, पण निष्काळजीपणाही नको. साल्मोनेला जिवाणू बहुतेक वेळा अंड्याच्या कवचावर असतो, क्वचित आतही असतो. बोटाएवढ्या पातळ पट्टीला उकळते पाणी लागले की तो जगत नाही. धोका शिजलेल्या ताटात नसून ओट्यावर असतो. पिठाची चव घेणारे बोट, तेच भांडे चाटणारे मूल, फळीवरचे उरलेले पीठ सुकू देणे, अंडी फोडलेल्या हाताने कोशिंबीर कापणे, या खऱ्या वाटा. कच्चे पीठही निर्जंतुक नसते. कच्च्या पिठातून ई-कोलायची साथ पसरल्याचे अमेरिकेत २०१६ साली दिसले होते. आणखी एक छोटी गोष्ट: युरोपात अंडी धुऊन विकत नाहीत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण जिवाणूंना आत जाऊ देत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी अंडी आणल्याबरोबर नळाखाली धुऊन ठेवू नयेत. आपल्याकडची सवय तिकडे उलटी ठरते. वापरायच्या आधी धुतली तर हरकत नाही.

रोज एक अंडे खाल्ल्याने निरोगी माणसाचा हृदयविकाराचा धोका वाढतो, असे मोठ्या पाहण्यांत दिसलेले नाही. मधुमेह असलेल्यांबाबत मात्र निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांनी आपल्या कोलेस्टेरॉलचा अहवाल पाहून ठरवावे.

आता डिंकेल. इंग्रजीत त्याला स्पेल्ट म्हणतात. श्वाबेनमध्ये एके काळी हेच मुख्य धान्य होते, मधल्या काळात मागे पडले आणि आता ‘प्राचीन धान्य’ म्हणून महाग होऊन परत आले आहे. महाराष्ट्रात खपली गव्हाचे जे झाले तेच. दोघांमध्ये नात्याचा धागाही आहे. खपली आणि डिंकेल हे दोन्ही कवचाचे गहू आहेत, मळणीनंतरही दाणा टरफलातच राहतो आणि तो वेगळा काढावा लागतो. दोघांबद्दल पसरलेला गैरसमजही एकच: ‘जुना गहू आहे, यात ग्लुटेन नसते’ किंवा ‘असले तरी ते बाधत नाही’. ग्लुटेन दोघांतही आहे. डिंकेलचे ग्लुटेन कमी ताकदीचे आणि जास्त ताणले जाणारे असते. पिठाच्या पोतात हा फरक जाणवतो. सिलिअॅक आजार असलेल्या आतड्याला त्या फरकाने काहीही दिलासा मिळत नाही.

हा आजार गव्हामुळे होतो हे कळायला किती वर्षे गेली, ते पाहण्यासारखे आहे. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी त्याचे नीट वर्णन केले होते. मुलाचे पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, शौच फिकट आणि दुर्गंधीयुक्त, वाढ खुंटलेली. आहाराशी संबंध असावा असे त्यांनाही वाटत होते, पण कोणता घटक हे ठाऊक नव्हते. पुढे हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हावर बोट ठेवले. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव दिसेनासा झाला, लोक उपाशी मरत होते, आणि त्याच दिवसांत या आजाराची मुले मात्र सुधारत असल्याचे दिसले. पाव परत आल्यावर आजारही परतला. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाशिवायचा आहार हा या आजाराचा उपचार ठरला. आजही औषध हेच, आणि ते जन्मभराचे.

आपल्याकडे हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तर भारतात अधिक आढळतो, दक्षिणेत फार कमी. पण महाराष्ट्रात तो नाही असे समजू नये. गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, वयाच्या मानाने खुजे राहिलेले मूल, विनाकारण ठिसूळ झालेली हाडे, सतत जुलाब किंवा पोटफुगी अशा वेळी डॉक्टरांच्या मनात हा आजार यायला हवा. रक्ताची टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी हे पहिले पाऊल, त्यानंतर गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा. एक चूक मात्र फार लोक करतात. संशय आला की आधी गहू बंद करतात आणि दोन महिन्यांनी तपासणीला येतात. तोवर प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतडे भरून येत असते, आणि अहवाल चक्क निर्दोष येतो. तपासणी होईपर्यंत गहू खात राहायचे असते.

‘पण डिंकेल खाल्ल्यावर मला खरेच बरे वाटते’ असे सांगणारेही भेटतात. त्यांना खोटे ठरवायचे कारण नाही. गहू खाल्ल्यावर पोट फुगणाऱ्या पुष्कळ लोकांना सिलिअॅक नसतो. त्यांना गव्हातले फ्रुक्टान नावाचे कर्बोदक मानवत नाही. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि वायू होतो. डिंकेलचा पाव पारंपरिक पद्धतीने बराच वेळ आंबवला तर त्यातले फ्रुक्टान कमी होते आणि त्रासही कमी होतो. श्पेट्सलेत मात्र पीठ आंबवतच नाहीत. भिजवले, फेटले, पाण्यात सोडले. त्यामुळे पावाला मिळणारा फायदा इथे मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

ज्यांना सिलिअॅक आहे त्यांच्यासाठी चांगली बातमी अशी की गव्हाशिवाय जमणाऱ्या नूडल्समध्ये श्पेट्सलेचा क्रमांक बराच वर लागतो. मघाशी पाहिले तसे, ते धरून ठेवण्याचे निम्मे काम अंडेच करते. तांदळाचे पीठ, थोडा मक्याचा स्टार्च आणि चमचाभर इसबगोल अंड्यांबरोबर फेटले की पट्ट्या पडतात. थोड्या आखूड आणि ठिसूळ होतात, पण पडतात. फळी मात्र वेगळी हवी. वर्षानुवर्षे गव्हाचे पीठ मुरलेल्या लाकडाच्या फटी कितीही घासल्या तरी स्वच्छ झाल्याची खात्री देता येत नाही. गव्हाच्या पट्ट्या उकळलेले पाणीही वापरू नये. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आपल्याकडेही आणि युरोपातही. यावरून किती थोडे ग्लुटेन पुरते याची कल्पना यावी.

श्पेट्सले एकटे क्वचित खाल्ले जातात. श्वाबेनचे घरगुती, अगदी मनातले जेवण म्हणजे ‘लिन्झन मिट श्पेट्सले’, मसूर आणि श्पेट्सले. सोबत बारीक, धुरावलेल्या सॉसेजची जोडी. आपल्याकडे वरणात कणकेचे तुकडे सोडून वरणफळे किंवा चकोल्या करतात, तीच कल्पना तिकडे दोन भांड्यांत शिजते आणि ताटात एकत्र येते. कांदा, गाजर, सेलरीचा कंद परतायचे, तमालपत्र टाकायचे, अख्खा मसूर मऊ शिजवायचा, परतलेल्या पिठाने दाटपणा आणायचा आणि शेवटी, अगदी शेवटी, व्हिनेगर घालायचे. आधी घातले तर मसूर शिजतच नाही. डाळीच्या सालीतले आणि पेशींमधले पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही, दाणा कडक राहतो. वरण शिजल्यावरच चिंच किंवा आमसूल घालायचे, हे आपल्याकडे कोणी रसायनशास्त्र शिकून ठरवले नव्हते. तिकडच्या आज्यांनीही नाही.

या मसुराची एक हकीकत आहे. श्वेबिश आल्ब हा चुनखडीचा उंच, खडकाळ टापू. जमीन हलकी, हिवाळा कडक. तिथे मसूर व्हायचा, कारण दुसरे फारसे काही होत नसे. मसुराचे रोप नाजूक, जमिनीवर लोळते, म्हणून त्याला आधाराला ओट किंवा सातू पेरायचे आणि दोन्ही एकदम कापून दाणे वेगळे करायचे. मेहनत फार, उत्पन्न थोडे. महायुद्धानंतर बाहेरचा स्वस्त मसूर आला आणि १९५० ते ६० च्या दशकात तिथली शेती बंदच पडली. ताटात मसूर होता, शेतात नव्हता. १९८५ च्या सुमारास लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल या सेंद्रिय शेतकऱ्याने तो पुन्हा पेरला, पण बियाणे दुसरीकडचे होते. जुने स्थानिक वाण कुठेच मिळेना. शेवटी २००६ साली ते सापडले रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात. लेनिनग्राडच्या वेढ्यात स्वतः उपाशी मरतानाही या संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी बियाण्यांना हात लावला नव्हता. तिथून आलेल्या मूठभर बियांपासून ते वाण पुन्हा वाढवले गेले. आज ‘आल्ब-लायझा’ या नावाने तिथला मसूर विकला जातो.

आहारशास्त्राच्या दृष्टीने ही जोडी मोलाची आहे. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, मसुरात ते भरपूर. मसुरात मेथिओनिन कमी, ते गव्हात. अंड्यात सगळेच. १०० ग्रॅम पीठ, एक अंडे आणि ६० ग्रॅम कोरडा मसूर अशा एका ताटात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने येतात. साठ किलो वजनाच्या माणसाची दिवसाची निम्म्याहून अधिक गरज एकाच जेवणात भागते. सॉसेजची त्यात काही गरज उरत नाही. ते ताटातून गेले तर नुकसान कसले, फायदाच आहे. मीठ लावून, धुरावून टिकवलेले मांस २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत धरले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता सुमारे १८ टक्क्यांनी वाढते, असा त्यांचा अंदाज आहे. कधीतरी सणाला खाल्लेल्या जोडीने कोणाचे काही बिघडत नाही. ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा. मिठाचे गणितही तसेच: दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ असावे असे म्हणतात, आणि १०० ग्रॅम सॉसेजमध्येच साधारण दोन ग्रॅम असते.

मसुरातले लोह शोषले जायला आंबट पदार्थ मदत करतात. म्हणून व्हिनेगरच्या जोडीला कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर असावी. जेवण होताच कपभर चहा घेण्याची आपली सवय मात्र ते लोह अडवते. तासभर थांबावे.

आता मधुमेहाचा प्रश्न. माणशी १०० ग्रॅम पीठ म्हणजे घरच्या साडेतीन ते चार चपात्यांचे पीठ, आणि तेही मैद्याचे. मऊ असल्यामुळे ते पटापट खाल्ले जाते, चावावे लागत नाही, आणि ताट रिकामे झाल्यावर चार चपात्या खाल्ल्या असे कोणालाच वाटत नाही. वर मसुरातली कर्बोदके. एवढे जेवण टाईप-२ मधुमेह असलेल्या पासष्टीच्या माणसाला जास्तच होते. पदार्थ बंद करण्याची गरज नाही, प्रमाण उलटे करायचे. चौघांत २४० ग्रॅम पीठ, त्यातले निम्मे १०५० चे, तीन अंडी, आणि मसूर ३०० ग्रॅमच्या वर. ताटात आधी कोशिंबीर आणि मसूर, मग श्पेट्सले. आम्लामुळे जठर जरा सावकाश रिकामे होते, त्यामुळे व्हिनेगरने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते, असे लहान प्रयोगांत दिसले आहे. फरक माफक आहे, औषधाची गोळी त्यामुळे सोडता येत नाही. परदेशात नव्या पदार्थाच्या आधी आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरने साखर पाहिली तर कोणाच्या सल्ल्यापेक्षा जास्त कळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी नेहमीइतके इन्सुलिन घेऊन मग ताटातले पीठ निम्मे करू नये, साखर खाली जाईल. डोस आणि ताट यांचा मेळ आधी डॉक्टरांशी बोलून बसवावा.

चीजमधले श्पेट्सले म्हणजे केझेश्पेट्सले. थरावर थर गरम श्पेट्सले आणि किसलेले चीज, वर तळलेला कांदा. परदेशात शिकणाऱ्या शाकाहारी पण अंडे खाणाऱ्या मुलांचा तो हमखास आधार. चवीबद्दल तक्रार करायला जागा नाही. मसूर काढून त्या जागी चीज आले की तंतुमय भाग गेला आणि संपृक्त चरबी आली, हे मात्र लक्षात ठेवावे. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसते, त्यामुळे दूध न पचणाऱ्यांनाही ते बहुधा चालते. बटाट्याच्या पिठाच्या हाताने वळलेल्या शुपफनुडेल्न आंबवलेल्या कोबीबरोबर परततात. माउलटाशनमध्ये पिठाच्या चौकोनी घडीत मांस, पालक आणि शिळा पाव भरतात. ईस्टरच्या उपवासात मांस देवापासून लपवण्यासाठी ते शोधले गेले, अशी गमतीची दंतकथा श्वाबेनमध्ये सांगतात. उपवासाला पळवाट शोधण्यात कोणताच समाज मागे नसतो. अंडे न खाणाऱ्यांनी बारीक रवा आणि मैदा समप्रमाणात घेऊन पीठ अर्धा तास भिजवावे आणि फळीऐवजी सोऱ्याला मोठ्या भोकांची ताटली लावावी. श्वाबेनमध्येही फळी न जमणारे लोक तशाच दाबयंत्राने काम भागवतात.

राहिला उरलेल्याचा प्रश्न, आणि यात जरा कडक व्हायला हवे. रविवारी मोठे पातेले भरून करायचे आणि ओट्यावर झाकून ठेवायचे, ही एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांची सवय. २००८ साली ब्रसेल्समध्ये वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस स्वयंपाकघरात बाहेर राहिलेले स्पॅगेटी गरम करून खाल्ले. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या, आणि सकाळपर्यंत यकृत निकामी होऊन तो मरण पावला. वैद्यकीय नियतकालिकात ही नोंद २०११ साली प्रसिद्ध झाली. कारण बॅसिलस सेरियस. हा जिवाणू धान्यावर बीजाणूंच्या रूपात असतो, बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. शिजलेला भात किंवा नूडल्स कोमट राहिले की ते जागे होतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचे विष तयार करतात. नंतर कितीही गरम केले तरी जिवाणू मरतो, विष राहते. इतका टोकाचा प्रसंग अगदी विरळा आहे, पण त्याच कारणाने होणाऱ्या उलट्या-जुलाबांची संख्या कमी नाही.

म्हणून श्पेट्सले पाण्यातून काढल्याबरोबर, लगेच खायचे नसतील ते, गार पाण्याने धुऊन, पसरट ताटात पसरून पटकन निववावेत आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, पाच अंशांच्या खाली ठेवावेत. तसे ते दोन-तीन दिवस चांगले राहतात. गार झालेल्या स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो आणि साखर थोडी सावकाश चढते, हा लहानसा लाभ. दुसऱ्या दिवशी कढईत थोड्या लोण्यावर खरपूस परतून, वर एक अंडे फोडून खाण्याची तिकडे रीतच आहे. पण जे पातेले रात्रभर ओट्यावर राहिले ते वास घेऊन, चव पाहून तपासत बसू नये. सेरुलाइडला वासही नसतो आणि चवही नसते.